घरातली मुख्य बाई

आधीच सांगते, माझी चूक काही नव्हती. दारात एक माणूस येतं, विचारतं की या घरातली मुख्य बाई कोण, तर खरं उत्तर द्यायचं की नाही? मी दिलं. म्हटलं, "मी." त्यात एवढं काय झालं? माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत.

विचारणारी होती एक सर्व्हेवाली पोरगी. खांद्याला पिशवी, हातात टॅब, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. छोट्या शेतकऱ्यांसाठी कुठल्याशा संस्थेचं काम चालू होतं आणि त्यात शेतीत बाईच्या शब्दाला किती वजन आहे ते मोजायचं होतं. मोजायचं म्हणजे खरोखर मोजायचं, गुण देऊन. मला आधी वाटलं थट्टा करतेय.

"पोरी," मी म्हटलं, "दूध मोजतात, जमीन मोजतात. बाईचा शब्द कशानं मोजणार तू? तागडी आणलीयस का?"

ती हसली. "आजी, प्रश्न आहेत. तुम्ही नुसती उत्तरं द्या."

तेवढ्यात माझी सून गोठ्यातून लगबगीनं आली. हात ओले, तोंड उघडं, काहीतरी बोलायच्या बेतात. मी तिला म्हटलं, "अगं, बघत काय राहिलीस, पाहुणी आलीय, चहा टाक." तिनं तोंड मिटलं आणि आत गेली. तिला काय बोलायचं होतं ते मला कुठून कळणार? मी काय अंतर्ज्ञानी आहे?

माझा मुलगा दाराशीच पंपाची मोटर खोलून बसला होता. त्याला सगळी आळी मुका म्हणते. तसं बोलता येतं त्याला, पण लहानपणीच त्यानं बोलायचं काम माझ्यावर सोपवलं आणि ते परत मागायला काही तो आला नाही. गुणी पोरगा आहे.

"शेतात काय लावायचं ते कोण ठरवतं?" सर्व्हेवालीनं सुरुवात केली.

"मी."

"मुलगा नाही?"

"ठरवतो की. मी सांगितलं की लगेच ठरवतो."

मुक्यानं मान वर केली नाही. स्क्रू पिळत राहिला.

"बाजारात एकट्या जाता?"

"मला अडवणारा अजून जन्माला यायचाय."

"बचत गटाच्या सभेत, चारचौघांत, मोकळेपणानं बोलता?"

आतून सून खोकली. आता गटातल्या बायका म्हणतात की मी बोलायला उभी राहिले की सभा संपते. पण ती संपते कारण त्यांना घरी कामं असतात. त्याला मी काय करू?

"काल दिवसभरात आराम किती केलात?"

"आराम?" माझा पाराच चढला. "आराम आजारी माणसं करतात. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माझी पाठ जमिनीला लागत नाही."

आतून पुन्हा खोकला, या वेळी जरा लांबलचक. दुपारी जेवण झाल्यावर मी डोळे मिटते, नाही असं नाही, पण ते विचार करायला. घरातले म्हणतात मी घोरते. घोरतही असेन, विचार खोल गेला की माणसाचं व्हायचंच तसं.

शेवटी तिनं पिशवीतून एक जाड कार्ड काढलं. त्यावर शिडीचं चित्र होतं. म्हणाली, "आजी, सगळ्यात खालच्या पायरीवर ती बाई, जिला स्वतःच्या आयुष्यातलं काहीच ठरवता येत नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर ती, जी सगळं स्वतः ठरवते. तुम्ही कुठे आहात, बोट ठेवा."

मी वरच्या पायरीवर बोट ठेवलं. तेही जरा वर सरकवून, कार्डाच्या बाहेर. "याच्या वरच्या पायऱ्या छापल्या नाहीत वाटतं," मी म्हटलं.

टॅबमधून टिंग असा आवाज आला. पोरगी खूश होऊन म्हणाली, "आजी, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे आहात!" आणि जाताना दाराच्या फळीवर एक हिरवं, गोल स्टिकर लावून गेली. सक्षम घर. मला इतका आनंद झाला की मी मुक्याला मोटर टाकून उठायला लावलं आणि ते स्टिकर वाचून दाखवायला सांगितलं. मला वाचता येतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. सून चहाचे कप उचलायला आली. तिनं स्टिकरकडे पाहिलं, कप उचलले आणि गेली. मी म्हटलं, जळते मेली.

त्यानंतर मी रोज सकाळी ते स्टिकर ओल्या फडक्यानं पुसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसावं म्हणून दाराची ती फळीही लावून ठेवायची.

मग एक दिवस टेम्पो आला. त्यात हिरव्या शेडनेटची भेंडोळी होती, रोपांचे काळे ट्रे होते, आणि संस्थेचा एक माणूस होता. टेम्पो आमच्या दारासमोर हळू झाला. मी केस नीट केले. त्या माणसानं आमचं स्टिकर पाहिलं, ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि टेम्पो पुढे गेला. थांबला तो पलीकडचीच्या दारात.

ही पलीकडची म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. तिचं माझं कधीच पटलं नाही, तरी रोज बोलल्याशिवाय दोघींचाही दिवस जात नाही. मी कुंपणाशी गेले आणि गोड आवाजात विचारलं, "काय गं, हे काय आलंय?"

"शेडनेटची जाळी हो," ती म्हणाली. "त्याच्या सावलीत रोपं करायची आणि विकायची. शिकवायलाही येणार आहेत. ज्या बायकांचं घरात काही चालत नाही, त्यांना आधी देतायत. मी त्या पोरीला सांगितलं बाई, माझं मेलीचं कोण ऐकतंय!" आणि डोळ्याला हात लावला.

माझं कोण ऐकतंय म्हणे! हिचा नवरा पाणी प्यायच्या आधी हिच्या तोंडाकडे बघतो. एकदा ही माहेरी गेली होती, तर तो माणूस दोन दिवस सदरा कुठला घालायचा म्हणून आमच्या दारात विचारायला येत होता. आणि ही शिडीच्या तळाशी! मला इतका राग आला की मी कुंपणाचा वेल उपटला. तो आमचाच होता, ते नंतर लक्षात आलं.

"आणि तुमच्याकडे नाही का आलं?" पलीकडचीनं मुद्दाम विचारलं. "अरे हो, तुम्ही सक्षम नाही का."

तरीसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला वाटलं, जाऊ दे, जाळीविना आपलं काही अडत नाही. अडत होतं ते सुनेचं, आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता विहिरीजवळच्या तुकड्याचं सांगायला हवं. आमच्या शेतात तेवढाच एक तुकडा असा आहे की जिथे पाणी हाताशी, माती लोण्यासारखी आणि वाऱ्याला आडोसा. तो माझा. कागदावर कुणाचा का असेना, घरात सगळ्यांना माहीत आहे की तो माझा. त्यात मी गवत लावलं होतं, गाईसाठी. सुनेनं एकदा विचारलं होतं, "आई, विहिरीजवळ रोपं केली तर? टोमॅटो, मिरची, वांगी. लोक लांबून रोपं आणतात, अर्धी वाटेत मरतात." बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की मला भीतीच वाटली. मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. हे लहान पोरालाही माहीत आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पण मनातून तिनं ते सोडलं नव्हतं. वर्षभर ती चांगली चांगली फळं निवडून त्यांचं बी काढत होती, धुवत होती, सावलीत वाळवत होती, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून फडताळात ठेवत होती. मी एकदा खोकल्याचं औषध समजून मिरचीचं बी प्यायला निघाले होते, तेव्हा मी बाटल्यांवरून तिला बरंच सुनावलंही होतं. तर त्या सकाळी मी खिडकीत उभी होते आणि पाहिलं की सून कुंपणाशी उभी आहे आणि एकेक बाटली पलीकडचीच्या हातात देतेय.

"तुम्हीच टाका," ती म्हणत होती. "जाळी तुमच्याकडे आहे. माझ्याकडे पडून पडून बी मरून जाईल."

आणि पलीकडचीनं घेतल्या! एकदाही नको म्हटलं नाही.

सून आत आली आणि भांडी घासायला बसली. रडली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण ती रडली नाही. घासलेलं पातेलं तिनं पुन्हा घासायला घेतलं. मी म्हटलं, "अगं, ते झालंय." ती म्हणाली, "हो का," आणि घासतच राहिली. मला त्या दिवशी दुपारी विचार करायला डोळे मिटले तरी घोरणं काही आलं नाही.

संध्याकाळी मी सुरी घेतली आणि स्टिकर खरवडायला लागले. कसला गोंद लावतात कोण जाणे. लाकूड निघालं, स्टिकर निघेना. अर्धं तसंच राहिलं, ओरबाडल्यासारखं.

मुका मागे येऊन उभा होता. म्हणाला, "आई, ती सर्व्हेवाली आली त्या दिवसाची ही महिनाभर वाट बघत होती. गटाच्या सभेत नाव दिलं होतं हिनं. मुलाखत हिची व्हायची होती."

एवढं लांब वाक्य तो लग्न ठरल्यापासून बोलला नव्हता. "मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुला?" मी ओरडले.

"तू बोलत होतीस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बस पकडली आणि संस्थेचं ऑफिस गाठलं. ऑफिस म्हणजे किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. भिंतींवर फोटो, सगळ्या फोटोंत टोपल्या घेतलेल्या बायका, आणि सगळ्या हसतायत. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन कुणी हसतं का? त्या फोटोग्राफरच्या डोक्यावर ठेवा एकदा. सर्व्हेवाली कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा पीत होती.

"ते काढून टाक," मी म्हटलं.

"काय, आजी?"

"सक्षम. मला नको ते. मला अशक्त लिही."

ती गोंधळली. "आजी, तुम्ही एकट्याच आलात एवढ्या लांब?"

"मग काय फौज घेऊन येऊ?"

"घरी विचारून आलात ना?"

"कुणाला विचारू? घरात विचारण्यासारखं आहे कोण?"

ती टॅबकडे बघत म्हणाली, "आजी, रागावू नका, पण तुम्ही हे जे जे बोलताय ना, त्यानं तुमचे गुण वाढतायत."

मी टेबलावर हात आपटला. तिचा चहा उडाला, शेजारच्या टेबलावरचे दोन साहेब उठून उभे राहिले, एकानं मला स्वतःची खुर्ची दिली. मी बसले. बसल्यावर लक्षात आलं की साहेबाला उठवून त्याच्या खुर्चीत बसणं हेही बहुतेक गुणांत धरत असतील. मी आणखी थोडा वेळ तिथे थांबले असते तर त्यांनी मला ऑफिसच चालवायला दिलं असतं.

पोरीला दया आली. टेबल पुसत म्हणाली, "एक मार्ग आहे. चुकीच्या बाईची मुलाखत झाली असेल तर पुन्हा घेता येते. आमच्या हिशेबात मुख्य बाई म्हणजे शेताचं काम जी रोज बघते ती. पण तसं तुम्हाला सांगावं लागेल. म्हणजे, मुख्य बाई तुम्ही नाही, असं."

वर पंखा कुरकुरत होता.

"सांगा आजी. तुमच्या घरातली मुख्य बाई कोण?"

"ती," मी म्हटलं.

"कोण ती? जरा मोठ्यानं, रेकॉर्ड होतंय."

"सून! माझी सून! आता खालच्या दुकानदाराला ऐकू आलं की परत सांगू?"

घरी आल्यावर मी सुनेला समोर बसवलं आणि नीट समजावलं. "परवा ती येणार आहे. ती आली की मान खाली घालायची. आवाज बारीक. आणि रडायचं थोडं."

"मला असं नाही येत, आई."

"कांदा घे सोबत."

"आई, ती जे विचारेल ते सांगेन मी," सून म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि मला ते आवडलं नाही. पण म्हटलं, सांगू दे. सासू नाही म्हणते एवढं तर सांगेलच. माझी नाचक्की होईल, होऊ दे. जाळी तर येईल.

ठरल्या दिवशी सर्व्हेवाली आली. नियम असा की मुलाखत एकांतात घ्यायची, आसपास घरचं कुणी नको. म्हणून त्या दोघी गोठ्यात जाऊन बसल्या. मी नियम मोडला नाही. मी आसपास नव्हतेच, मी गवताच्या गंजीमागे होते. गंजीमागे जागा अडचणीची, नाकात धूळ जात होती, पण घरच्या माणसांसाठी एवढं करावंच लागतं.

शेत कोण बघतं, बी कोण आणतं, विकायला कोण जातं, सगळं विचारून झालं. सून सरळ उत्तरं देत होती. कांदा काही तिनं नेला नव्हता.

"असं काही आहे का," सर्व्हेवालीनं विचारलं, "जे तुम्हाला शेतात करायचंय आणि करता येत नाही?"

मी श्वास रोखला. आता सांगेल.

"नाही," सून म्हणाली. "तसं काही नाही."

"सभेत तुम्ही विहिरीजवळच्या जागेचं बोलला होतात, अशी नोंद आहे."

"ती आईंची आहे. गाईला गवत लागतंच. मी एकदा विचारलं होतं, त्या बघू म्हणाल्या. नंतर मीच विचारलं नाही, त्यात त्यांचा काय दोष?"

"बरं. या शिडीवर तुम्ही कुठे आहात, बोट ठेवा."

मी गंजीच्या फटीतून बघत होते. माझ्या सुनेनं बोट बरोबर मधल्या पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, "इथे असेन. आई चांगल्या आहेत माझ्या."

चांगल्या! मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी तिथेच बसून राहिले असते. पण हे चांगल्या मला सहनच झालं नाही. मी गंजीतून बाहेर आले. आले म्हणजे गंजीसकट आले. गाय घाबरून उभी राहिली, सर्व्हेवालीच्या हातून टॅब शेणात पडता पडता वाचला.

"खोटं बोलतेय ही!" मी म्हटलं. डोक्यात, तोंडात, सगळीकडे गवत. "बोट खाली घे. आणखी खाली घे. अगं, ही शिडीवर नाहीच आहे मुळी! ही खाली उभी राहून शिडी धरतेय. म्हणून तर मी एवढी वर जाऊन बसलेय आणि पडत नाहीये!"

"आई, तुम्ही आत चला," सून म्हणाली.

"गप्प बस. मुख्य बाई आहेस ना, मग मुख्य बाईसारखी गप्प बस. पोरी, तू लिही. या घरात बघू म्हणजे नाही. मीच शिकवलंय सगळ्यांना. आणि मला माझ्या सासूनं शिकवलं. तिला मीही हाच तुकडा मागितला होता. मला मिरची लावायची होती. अशी लाल मिरची, सगळा बांध पेटल्यासारखा दिसेल अशी. ती म्हणाली बघू. मी थांबले. ती गेली तेव्हा तुकडा मिळाला मला. तोवर मिरची तोडायला वाकेल अशी कंबरच उरली नव्हती. म्हणून गवत लावलं. ते आपलं आपण वाढतं आणि मुलगा कापतो. गाईसाठी बिईसाठी काही नाही. गाय काहीही खाते. कुणाला मिळू नये म्हणून लावलं मी ते गवत."

हे शेवटचं मला बोलायचं नव्हतं. ते आपोआप आलं. सून माझ्या केसांतली काडी काढायला लागली. मी तिचा हात झटकला. तिनं पुन्हा काढायला घेतली.

सर्व्हेवाली हळूच म्हणाली, "आजी, मग आता तो तुकडा तुम्ही यांना देणार?"

"दिला!"

"पण मग..." ती ओशाळल्यासारखी झाली. "मग त्यांना हवं ते ठरवता येतं, असं होईल. त्यांचे गुण वाढतील. जाळी कदाचित नाही मिळायची."

"काय डोकं आहे का खोकं?" मी म्हटलं. "मी आत्ता दिला. तू आलीस म्हणून दिला. आज सकाळी तिच्याकडे काय होतं? काही नव्हतं. तू सकाळचं लिही!"

पोरीनं टॅबकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, आणि हसू दाबत लिहीत राहिली. निघताना म्हणाली, "मी सगळं लिहिलंय. पण जाळी द्यायची की नाही ते वरचे लोक ठरवतात. वेळ लागेल."

"म्हणजे तिथे तुझंही काही चालत नाही," मी म्हटलं. "तू स्वतः कुठल्या पायरीवर आहेस गं?"

"आजी, तो प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नाही," ती म्हणाली, आणि शिडीचं कार्ड पिशवीत टाकून गेली.

वरच्या लोकांना वेळ असतो, बियांना नसतो. त्याच संध्याकाळी मुका विळा घेऊन विहिरीकडे गेला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. गवत सगळं कापून, मुळं खणून त्यानं वाफे पाडले. मी पलीकडचीकडे गेले आणि सुनेच्या बाटल्या परत मागितल्या. माझ्या तोंडून मागणं निघालेलं ऐकायला तिनं नवऱ्यालाही बाहेर बोलावलं. मी दोघांसमोर मागितलं. तिनं दिल्या, आणि वर दोन ट्रेही दिले. म्हणाली, "माझ्याकडे जास्तीचे आहेत." तेवढ्यापुरती बरी आहे ती.

राहिली सावली. माझ्या पेटीत तळाशी नव्या चादरी होत्या, पांढऱ्या, पातळ. माझ्या लग्नापासूनच्या. मोठे पाहुणे आले की काढायच्या म्हणून ठेवलेल्या. एवढे मोठे पाहुणे आमच्याकडे कधी आलेच नाहीत. मी त्या काढल्या आणि मुक्याला बांबूंवर ताणून बांधायला सांगितलं.

"आई, अहो, या कोऱ्या आहेत!" सून धावत आली.

"माझ्या आहेत. मी काय वाटेल ते करीन. सक्षम आहे मी, दारावर लिहिलंय."

"अर्धंच उरलंय," मुका म्हणाला. आजकाल फारच बोलायला लागलाय.

जाळी अजून वरच्या लोकांकडेच आहे. पण बी उगवलं. मिरची सगळ्यात आधी आली, मग टोमॅटो. आळीतले लोक येऊन बघून जातात, बायका आत्ताच रोपं सांगून ठेवतात. सून पहाटेपासून तिथेच असते. मला चहा मुका करून देतो. वाईट करतो.

काल सकाळी मी नेहमीसारखी विहिरीकडे गेले. सवयीनं बांधावरून उतरून आत पाय टाकणार, तेवढ्यात आवाज आला.

"आई, थांबा! तिथे पाय नका ठेवू."

त्या तुकड्यात मला थांबा म्हणणारं माणूस गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं. माझं तोंड उघडलं होतं. चांगलं तोंडभर उत्तर तयारही होतं. पण पायाशी बघितलं तर तिथे मिरचीची रोपं होती, नखाएवढी, दोन दोन पानांची. मी पाय मागे घेतला. चादरींखाली सगळीकडे मऊ उजेड होता आणि माझी सून झारी घेऊन वाफ्यावर वाकली होती.

"मग येऊ का आत?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. पाणी घालत राहिली.

"बघू," ती म्हणाली.

तिचे खांदे हसण्यानं हलत होते. मी चपला काढल्या आणि बांधावर बसून राहिले.